यलोस्टोनचे वणवे (१९८८) व उपग्रहीय सुदूर संवेदन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९८८ च्या उन्हाळ्यात लागलेल्या वणव्यांची मालिका आणि या जळालेल्या वनाचा पुढील काळात उपग्रहांच्या साहाय्याने करण्यात आलेला अभ्यास. एखाद्या वस्तूशी प्रत्यक्ष संपर्क न येता, तिच्यापासून परावर्तित वा उत्सर्जित होणाऱ्या प्रारणाची दुरून नोंद करून तिच्याविषयी माहिती मिळविणे, यास सुदूर संवेदन म्हणतात. वणव्यात किती वन जळाले, कोठे किती तीव्रतेने जळाले आणि जळालेले वन पुन्हा कसे उभे राहते, हे तीन प्रश्न वनशास्त्रात जुने आहेत. तथापि विस्तीर्ण क्षेत्रासाठी व एकाच मापाने त्यांची उत्तरे शोधणे उपग्रहांमुळे शक्य झाले. या अभ्यासाच्या इतिहासात यलोस्टोनला विशेष स्थान आहे. तेथे आगीच्या आधीची व नंतरची उपग्रहीय नोंद उपलब्ध आहे आणि जमिनीवरील निरीक्षणेही तितक्याच सातत्याने झालेली आहेत. या दोहोंच्या तुलनेमुळे उपग्रहाला वनाचे काय दिसते आणि काय दिसत नाही, याचा निर्णय करता येतो.

पार्श्वभूमी : मुख्यत्वे वायोमिंग राज्यात आणि काही अंशी माँटॅना व आयडाहो राज्यांत पसरलेल्या या उद्यानाची स्थापना १८७२ मध्ये झाली. त्याचे क्षेत्रफळ सु. ९,००० चौ. किमी. असून त्याचा बराचसा भाग लॉजपोल पाइन (पायनस कंटोर्टा) या सूचिपर्णी वृक्षाच्या वनांनी व्यापलेला आहे. १८८६ मध्ये उद्यानाची व्यवस्था लष्कराकडे सोपविण्यात आली, तेव्हापासून दिसेल ती आग विझविणे हे तेथील धोरण होते. दुर्गम भागांत ते परिणामकारक रीत्या अंमलात येऊ लागले, ते मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांचा वापर वाढल्यावरच. पुढे वन्य परिसंस्थांत आग ही एक नैसर्गिक घटना आहे आणि तिला सर्वस्वी मज्जाव केल्यास वनाचे स्वरूप बदलते, असा विचार मान्यता पावू लागला. १९६३ च्या लिओपोल्ड समितीच्या अहवालाने त्यास बळ दिले. त्यास अनुसरून १९७२ पासून यलोस्टोनच्या ठराविक भागांत विजेमुळे लागलेल्या आगी, मनुष्यवस्तीस धोका नसल्यास, आपोआप विझू देण्यास सुरुवात झाली. १९७२ ते १९८७ या काळात अशा २३५ आगींत मिळून सु. १३,७०० हे. क्षेत्र जळाले व त्या सर्व नैसर्गिक रीत्या विझल्या. हा अनुभव पुढील उन्हाळ्यासाठी फसवा ठरला.

या वनांचा मागील इतिहास वृक्षांच्या वार्षिक वलयांवरून व आगीच्या व्रणांवरून वाचता येतो. विल्यम रॉम यांनी उद्यानाच्या एका पाणलोट क्षेत्रात असा अभ्यास करून १९८२ मध्ये दाखवून दिले की, या उंच पठारावरील वनांत मोठे वणवे शतकानुशतकांच्या अंतराने लागतात आणि अशा प्रकारचे व्यापक वणवे यापूर्वी सु. १७०० च्या सुमारास लागून गेले होते. त्यानंतर उगवलेली वने १९८८ मध्ये वृद्ध झालेली होती. त्यांत वठलेली झाडे, पडीक लाकूड व मोठ्या वृक्षांखाली वाढलेली लहान झाडे यांचे जळण साठलेले होते.

१९८८ चा उन्हाळा : १९८२ ते १९८७ या काळातील उन्हाळे सरासरीपेक्षा ओले होते. १९८८ च्या एप्रिल व मे महिन्यांतही चांगला पाऊस झाला. जूनपासून मात्र तो जवळजवळ थांबला आणि उद्यानाच्या नोंदींतील तो सर्वांत कोरडा उन्हाळा ठरला. जुलैच्या मध्यानंतर आगी वेगाने पसरू लागल्या, तेव्हा २१ जुलै रोजी सर्वच आगी विझविण्याचा निर्णय घेण्यात आला. तथापि ऑगस्टमध्ये एकामागून एक आलेल्या कोरड्या वादळी वाऱ्यांपुढे मनुष्यबळ अपुरे पडले. २० ऑगस्ट या एकाच दिवशी ६०,००० हेक्टरांहून अधिक क्षेत्र आगीखाली आले. हा दिवस पुढे ‘काळा शनिवार’ म्हणून ओळखला गेला. ठिणग्या वाऱ्याबरोबर उडून रस्ते, नद्या व खुद्द यलोस्टोन नदीची खोल घळईही ओलांडून पलीकडे पडत. ‘नॉर्थ फोर्क’ या नावाने ओळखली गेलेली आग उद्यानाच्या पश्चिम सीमेबाहेर २२ जुलै रोजी एका लाकूडतोड्याने टाकलेल्या सिगारेटीमुळे लागली. ती पहिल्या दिवसापासून विझविण्याचे प्रयत्न झाले, तरीही ती सर्वांत मोठ्या आगींपैकी एक ठरली आणि ७ सप्टेंबर रोजी ‘ओल्ड फेथफुल’ या प्रसिद्ध उष्णोदकी फवाऱ्याजवळील इमारतींपर्यंत येऊन पोहोचली. या मोसमात सु. २५,००० लोक अग्निशमनाच्या कामी लागले व सु. १२ कोटी डॉलर खर्च झाला. परंतु आगींचा जोर मोडला तो ११ सप्टेंबर रोजी पडलेल्या हलक्या पावसाने व बर्फाने.

वादाचे स्वरूप : आग धुमसत असतानाच तिच्याविषयीचा वाद पेटला होता. दूरचित्रवाणीवर रोज दिसणाऱ्या ज्वाळांच्या दृश्यांमुळे देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान नष्ट झाले, अशी समजूत सर्वत्र पसरली. आगी जळू देण्याच्या धोरणावर कडाडून टीका झाली आणि उद्यानसेवेच्या संचालकांच्या राजीनाम्याचीही मागणी करण्यात आली. परिस्थितिविज्ञानाच्या अभ्यासकांचे म्हणणे याउलट होते : लॉजपोल पाइनची वने अशाच आगींतून जन्मास येतात व पुन्हा तशीच उभी राहतील. शासनाने नेमलेल्या आढावा समितीने मूळ धोरण तत्त्वतः योग्य ठरविले. पण आग केव्हा जळू द्यावी व केव्हा विझवावी, याचे नियम काटेकोर करण्याची शिफारस केली. त्यानुसार यलोस्टोनची नवी अग्निव्यवस्थापन योजना १९९२ मध्ये तयार झाली. तथापि वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न वस्तुस्थितीचा होता. उद्यान खरोखर किती जळाले आणि जे जळाले ते मेले की नाही, हे समितीच्या बैठकीत नव्हे, तर मोजमापानेच ठरणार होते.

उपलब्ध साधने : आगीची सीमा विमानातून टिपण्याची पद्धत तेव्हा रूढ झालेली होती. औष्णिक अवरक्त क्रमवीक्षक बसविलेली विमाने धुरातूनही आगीची रेषा दाखवीत आणि तिच्यावरून नकाशे काढले जात. मात्र अशा नकाशात सीमारेषेच्या आतील सर्व भूमी जळालेली धरली जाते. आत राहून गेलेली हिरवी बेटे, नुसते गवत जळालेली कुरणे व शेंड्यापासून मुळापर्यंत कोळसा झालेले वन यांतील भेद त्यात उमटत नाही.

उपग्रहांच्या बाबतीत, २३ जुलै १९७२ रोजी सोडण्यात आलेल्या लँडसॅट-१ पासून पृथ्वीच्या पृष्ठभागाची नियमित नोंद सुरू झालेली होती. त्यावरील बहुवर्णपटीय क्रमवीक्षकाची विभेदनक्षमता सु. ८० मी. होती व तो दृश्य आणि निकट अवरक्त अशा चार पट्ट्यांत प्रतिमा घेई. हवामानविषयक उपग्रहांवरील संवेदकांचाही आगीसाठी उपयोग होतो, हे मायकेल मॅटसन व जेफ डोझियर यांनी १९८१ मध्ये दाखविले. सु. ३·८ मायक्रोमीटर तरंगलांबीवर तप्त वस्तू इतके तीव्र प्रारण उत्सर्जित करते की, एक किमी. रुंदीच्या चित्रकणाचा अगदी लहान भाग पेटलेला असला, तरी तो संपूर्ण चित्रकण उजळलेला दिसतो. या तत्त्वामुळे पेटलेली आग शोधता येऊ लागली; परंतु आग विझल्यानंतर मागे काय उरले, हे सांगण्यास ते पुरेसे नव्हते.

त्यासाठी उपयोगी पडले ते लँडसॅट-४ (१९८२) व लँडसॅट-५ (१९८४) या उपग्रहांवरील ‘थिमॅटिक मॅपर’ हे उपकरण. त्याची विभेदनक्षमता ३० मी. होती आणि लँडसॅट-५ दर १६ दिवसांनी त्याच जागेवरून जाई. या उपकरणात लघुतरंग अवरक्ताचे दोन पट्टे होते. त्यांपैकी सु. २·०८ ते २·३५ मायक्रोमीटर दरम्यानचा पट्टा खनिजे ओळखता यावीत म्हणून भूवैज्ञानिकांच्या आग्रहावरून आराखड्यात मागाहून समाविष्ट करण्यात आला. त्यामुळेच तरंगलांबीच्या क्रमात तो औष्णिक पट्ट्याच्या आधी येत असूनही त्यास सातवा क्रमांक मिळाला. खडकांसाठी मागितलेला हा पट्टा पुढे जळालेल्या वनाच्या अभ्यासात सर्वाधिक उपयोगी ठरला.

मापनाचे तत्त्व : निरोगी पानांच्या अंतर्गत रचनेमुळे निकट अवरक्त प्रारणाचा मोठा भाग परावर्तित होतो, तर पानांतील पाणी लघुतरंग अवरक्त प्रारण शोषून घेते. आगीने पाने नाहीशी झाली आणि राख, कोळसा व उघडी माती दिसू लागली की, पहिल्या पट्ट्यातील परावर्तन घटते व दुसऱ्यातील वाढते. या दोन विरुद्ध बदलांचा एकत्र विचार केल्यास जळिताची खूण स्पष्ट उमटते. दोन्ही परावर्तनांच्या वजाबाकीस त्यांच्या बेरजेने भागून −१ ते +१ यांदरम्यानचा एक अंक मिळतो. स्पेनमधील अभ्यासकांनी १९९१ मध्ये या दोन पट्ट्यांचा असा उपयोग केला होता. अमेरिकेत कार्ल की व नेट बेन्सन यांनी १९९० नंतरच्या दशकात ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातील आगींच्या अभ्यासातून त्यास पद्धतशीर स्वरूप दिले आणि तो ‘सामान्यीकृत जळीत गुणोत्तर’ या अर्थाच्या नावाने रूढ झाला. आगीपूर्वीच्या प्रतिमेतील गुणोत्तरातून आगीनंतरचे गुणोत्तर वजा केल्यास बदलाचे माप मिळते. हा फरक शून्याजवळ असल्यास भूमी न जळालेली आणि तो जितका मोठा तितके जळीत तीव्र, असा त्याचा स्थूल अर्थ होतो.

हा फरक म्हणजे वृक्षांच्या मृत्यूचे थेट माप नव्हे, हे या दोघांनी जाणले होते. म्हणूनच त्यांनी जमिनीवर प्रत्यक्ष जाऊन पालापाचोळा, झुडपे, मधले वृक्ष व उंच वृक्ष अशा निरनिराळ्या थरांची हानी गुणांकनाने नोंदविण्याची जोडपद्धतही तयार केली. एकच अंक एका वनात तीव्र, तर दुसऱ्यात मध्यम जळीत दर्शवू शकतो. त्यामुळे प्रत्येक प्रदेशात जमिनीवरील नोंदींशी ताळा घेतल्याशिवाय उपग्रहीय मापाला अर्थ येत नाही.

जळिताचा नकाशा : यलोस्टोनमधील धूर निवळल्यानंतर घेतलेल्या लँडसॅट प्रतिमांचे विश्लेषण सुरू झाले, तेव्हा ही पद्धत अद्याप रूढ व्हावयाची होती. थिमॅटिक मॅपरच्या पट्ट्यांवरून भूमीचे न जळालेली, हलकी जळालेली व तीव्र जळालेली असे वर्ग पाडण्यात आले. उद्यानातील जळीत क्षेत्र सु. ३,२१,००० हे., म्हणजे एकूण क्षेत्राच्या सु. ३६ टक्के ठरले. सीमारेषांवरून केलेले सुरुवातीचे अंदाज याहून बरेच मोठे होते. याहूनही महत्त्वाचे होते ते जळिताचे स्वरूप. सलग काळ्या पट्ट्याऐवजी प्रतिमांत लहानमोठ्या ठिगळांची गोधडी दिसत होती. आग जेथे शेंड्याशेंड्यांवरून धावली तेथे कोळसा, तिच्या कडेला केवळ खालचा पालापाचोळा जळून वृक्ष होरपळलेले आणि त्यांच्यामध्ये संपूर्ण हिरवे तुकडे, अशी ही रचना होती.

मोनिका टर्नर, विल्यम रॉम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये या प्रतिमांच्या आधारे दाखविले की, तीव्र जळालेल्या क्षेत्रापैकी सु. तीनचतुर्थांश भाग न जळालेल्या वा हलक्या जळालेल्या भूमीपासून २०० मी. अंतराच्या आत होता. याचा अर्थ असा की, बहुतेक जागी बी येण्यास उगमस्थान फार दूर नव्हते. उद्यान ‘नष्ट झाले’ या समजुतीला मिळालेले हे मोजमापाचे उत्तर होते. वणवा ही जागोजागी निरनिराळ्या रीतीने घडणारी प्रक्रिया आहे, हे प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर नकाशावर मांडता आले.

पुनरुज्जीवन : जळालेल्या भूमीवर दुसऱ्याच वर्षी गवत व रानफुले उगवू लागली. झाडोऱ्याची हिरवाई मोजणारा निर्देशांक लाल व निकट अवरक्त पट्ट्यांवरून काढतात. उपग्रहीय प्रतिमांत तो काही वर्षांतच पुष्कळसा वाढलेला आढळला. वरवर पाहता हे पुनरुज्जीवनच होय. परंतु येथेच उपग्रहाची मर्यादा उघड होते. हा निर्देशांक पानांच्या हिरवेपणाचा असून ती पाने गवताची, झुडपांची की वृक्षांची, हे तो सांगत नाही. शंभर फूट उंचीच्या वनाच्या जागी गुडघाभर उंचीचे दाट गवत आले, तरी त्याचा अंक पूर्ववत होऊ शकतो. लघुतरंग अवरक्तावर आधारलेली मापे अधिक सावकाश पूर्वस्थितीवर येतात व म्हणून वनाच्या वाढीस अधिक जवळची असतात. पण तीही वृक्षसंख्या मोजीत नाहीत.

जमिनीवरील गणनेतून काय आढळले, ते पाहिल्यास हा मुद्दा स्पष्ट होतो. लॉजपोल पाइनच्या काही वृक्षांवरील शंकू राळेने घट्ट बंद असतात व वर्षानुवर्षे झाडावरच राहतात. आगीच्या उष्णतेने राळ वितळून ते उघडतात आणि राखेवर बियांचा सडा पडतो. इतर वृक्षांवरील शंकू मात्र पक्व होताच उघडतात. त्यांच्या बियांचा साठा झाडावर उरत नाही. दोन्ही प्रकारचे वृक्ष एकाच जातीचे असून त्यांचे प्रमाण ठिकठिकाणी भिन्न असते. परिणामी उपग्रहाला सारख्याच तीव्रतेने जळालेल्या दिसणाऱ्या जागांवर रोपांची संख्या कमालीची भिन्न आढळली : काही ठिकाणी एकही रोप नव्हते, तर काही ठिकाणी दर हेक्टरी पाच लाखांहून अधिक रोपे होती. जळिताची तीव्रता उपग्रहाने बरोबर मोजली होती. परंतु वनाचे भवितव्य आगीपूर्वी फांद्यांवर असलेल्या बंद शंकूंच्या संख्येत दडलेले होते आणि ते कोणत्याही पट्ट्यात उमटलेले नव्हते. ॲस्पेन या पानझडी वृक्षाची रोपेही मातृवृक्षांपासून कित्येक किमी. अंतरावर बियांपासून उगवलेली आढळली. हा वृक्ष त्या प्रदेशात प्रामुख्याने मुळांपासून फुटणाऱ्या धुमाऱ्यांनी वाढतो, अशी समजूत असल्याने ही गोष्ट अनपेक्षित होती.

एकंदरीत अभ्यासकांची अपेक्षा खरी ठरली. बाहेरून रोपे आणून लावण्याची गरज न पडता जळीत क्षेत्राचा बहुतांश भाग पुन्हा लॉजपोल पाइनच्या वनांनी भरून निघाला आणि यलोस्टोन हे वनांच्या चिवटपणाचे उदाहरण म्हणून ग्रंथांतून दिले जाऊ लागले.

नोंदीचे जतन : या अभ्यासाची भिस्त ज्या सलग नोंदीवर होती, ती मोठ्या अनिश्चिततेतून वाचली. लँडसॅट योजना १९८४ च्या कायद्याने खाजगी क्षेत्राकडे देण्याचे ठरले व प्रतिमांच्या किमती वाढून १९९० नंतरच्या दशकाच्या सुरुवातीस एका प्रतिमेस चार हजार डॉलरांहून अधिक पडू लागले. यलोस्टोनच्या वणव्यानंतर काही महिन्यांतच, १९८९ च्या प्रारंभी, निधीअभावी लँडसॅट-४ व लँडसॅट-५ हे दोन्ही उपग्रह बंद करण्याचे आदेश निघाले होते; तातडीची तरतूद झाल्याने ते टळले. तसे न होते, तर जळालेल्या वनाची पुढील वर्षांची नोंद तेथेच खंडित झाली असती. केवळ तीन वर्षांसाठी आखलेला लँडसॅट-५ प्रत्यक्षात २०१३ पर्यंत, म्हणजे जवळजवळ एकोणतीस वर्षे टिकला. लँडसॅट-७ (१९९९), लँडसॅट-८ (२०१३) व लँडसॅट-९ (२०२१) यांनी ती परंपरा पुढे चालविली.

२००८ मध्ये लँडसॅटचा संपूर्ण संग्रह विनामूल्य खुला करण्यात आला. तोपर्यंत अभ्यासक खर्चामुळे आगीपूर्वीची एक व नंतरची एक अशा दोन प्रतिमांची तुलना करीत. त्यानंतर एकाच चित्रकणाची तीन-चार दशकांतील वर्षागणिक वाटचाल तपासणे शक्य झाले. अशा मालिकेतून आगीचे वर्ष, हानीची खोली आणि पुनरुज्जीवनाचा वेग ही तिन्ही एकाच वक्ररेषेवर वाचता येतात. १९८४ पासूनच्या मोठ्या आगींच्या जळीत-तीव्रतेचे नकाशे संपूर्ण देशासाठी तयार करण्याची योजनाही अमेरिकेत हाती घेण्यात आली. यूरोपीय सेंटिनेल-२ उपग्रहांनी (२०१५ व २०१७) या नोंदीत १० ते २० मी. विभेदनक्षमतेची भर घातली.

दुसरी आग : २०१६ मध्ये यलोस्टोन व त्याच्या दक्षिणेकडील ग्रँड टेटन या उद्यानांत लागलेल्या आगींनी या इतिहासास वेगळे वळण दिले. त्यांपैकी ‘मेपल’ या नावाची आग १९८८ मध्ये जळून पुन्हा उगवलेल्या अवघ्या २८ वर्षे वयाच्या वनात पसरली. तरुण वनांत आग सहसा पेट घेत नाही व ती मोठ्या वणव्यांना आडकाठी ठरतात, असे त्यापूर्वी मानले जात असे. टर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, लागोपाठ जळालेल्या या जागांवर रोपांची घनता १९८८ नंतरच्या घनतेच्या सु. एकषष्ठांश इतकी घटलेली आढळली. कोवळ्या वृक्षांवर शंकूंचा साठा अद्याप पुरेसा झालेला नव्हता आणि जो होता तोही पुष्कळ ठिकाणी खोडांसह जळून गेला. यापूर्वी २०११ मध्ये अँथनी वेस्टरलिंग व इतरांनी वर्तविले होते की, तापमान वाढत गेल्यास या प्रदेशातील वणव्यांमधील अंतर शतकांवरून दशकांवर येईल.

१९८८ नंतरचे पुनरुज्जीवन हा वनाचा कायमचा गुण नसून दोन आगींमधील दीर्घ अंतराचे फळ होते, हे या दुसऱ्या आगीवरून लक्षात येते. आग नैसर्गिक आहे म्हणून ती निरुपद्रवी आहे, हा निष्कर्षही उद्यान नष्ट झाल्याच्या आरोळीइतकाच अपुरा ठरतो. पहिल्या जळिताचा नकाशा जपून ठेवलेला होता, म्हणूनच दुसरे जळीत त्याच्यावर ठेवून पाहता आले.

भारतातील उपयोग : यलोस्टोन जळत होते, त्याच वर्षी १७ मार्च १९८८ रोजी भारताचा पहिला कार्यकारी सुदूर संवेदन उपग्रह आयआरएस-१ए अवकाशात सोडण्यात आला. डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण या संस्थेने (स्थापना १९८१) उपग्रहीय प्रतिमांवरून देशाच्या वनस्थितीचा पहिला अहवाल १९८७ मध्ये प्रसिद्ध केला होता. २००४ पासून ही संस्था मोडिस या संवेदकाने टिपलेल्या आगींच्या जागा राज्यांच्या वनविभागांना कळवीत आली आहे. २०१७ पासून त्यासाठी ३७५ मी. विभेदनक्षमतेच्या व्हिर्स या संवेदकाचाही उपयोग होऊ लागला.

तथापि यलोस्टोनची पद्धत भारतीय वनांना जशीच्या तशी लागू पडत नाही. मेळघाट, चंद्रपूर वा गडचिरोलीच्या शुष्क पानझडी वनांत वणवे फेब्रुवारी ते जून या काळात लागतात. साग व इतर वृक्षांनी तेव्हा पाने गाळलेली असतात व आग बहुधा जमिनीवरील पाचोळ्यातून पसरते. मोहाची फुले वेचणे सोपे जावे किंवा तेंदूची नवी पालवी यावी, म्हणून लावलेल्या आगीही त्यांत असतात. अशा आगीत मोठे वृक्ष सहसा मरत नाहीत. पावसाळ्यानंतर घेतलेल्या प्रतिमेत हिरवे छत्र पूर्वीसारखेच दिसते. जळून गेलेली असते ती छत्राखालची रोपांची पिढी, आणि दरवर्षी ती जळत राहिल्यास वृद्ध वृक्षांची जागा घेण्यास कोणी उरत नाही. वरून दिसणारी हिरवाई येथे यलोस्टोनपेक्षाही अधिक दिशाभूल करू शकते. म्हणून जमिनीवरील रोपांची गणना येथे अधिकच आवश्यक ठरते.

आधुनिक साधने व मर्यादा : वनाची उंची व घनता थेट मोजण्यासाठी अलीकडे लेसर व रडार यांवर आधारलेली साधने अवकाशात नेण्यात आली आहेत. वृक्षांची उभी रचना टिपणारे जेडी हे लेसर उपकरण डिसेंबर २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर बसविण्यात आले. भारतीय अवकाश संशोधन संस्था व अमेरिकेची नासा यांनी संयुक्तपणे तयार केलेला निसार हा रडार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला. रडारचे तरंग ढग व धूर भेदून जातात आणि दीर्घ तरंग छत्राच्या आत शिरून फांद्या व खोडे यांच्यापासून परावर्तित होतात. पाने व लाकूड यांतील जो भेद दृश्य व अवरक्त प्रतिमांना करता येत नव्हता, तो काही प्रमाणात यामुळे साध्य होण्यासारखा आहे.

तरीही यलोस्टोनच्या अनुभवातून निघालेला मुख्य निष्कर्ष कायम राहतो. उपग्रहाने वणव्याविषयीच्या चर्चेला आकडे व नकाशे यांचा आधार दिला आणि भीतीपोटी केलेल्या विधानांची पारख करणे शक्य केले. मात्र वन परत आले की केवळ हिरवाई परत आली, हा निर्णय राखेत उगवलेली रोपे मोजणाऱ्या अभ्यासकाच्या वहीशी उपग्रहाची प्रतिमा ताडून पाहिल्यानंतरच देता येतो. वणव्यांमधील अंतर कमी होत असलेल्या काळात या दोन्ही नोंदी खंड न पडता चालू ठेवणे हे वनांच्या रक्षणाइतकेच महत्त्वाचे आहे.